धक्क्यावरची बाई

१

सकाळची भांडी विसळून झाली, होताकाच्या डोळ्यांत थेंब घालून झाले, की आठच्या ठोक्याला मित्सुए डार्करूममध्ये शिरायची. डार्करूम म्हणजे सासूची लोणच्यांची खोली. खिडकीला फळ्या ठोकलेल्या, भिंतीलगत औषधांची तीन तसराळी, कोपऱ्यात एन्लार्जर, निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडायचं यंत्र. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचा वास आणि मुरलेल्या मुळ्याचा वास एकतीस वर्षांत असा एकजीव झाला होता, की कुठला कुणाचा हे तिलाही सांगता आलं नसतं.

फोटोच्या दुनियेत होताका कुराशिना हे नाव लहानथोरांना ठाऊक होतं. मित्सुएचं नाव पोस्टमनला ठाऊक होतं. फोटो तो काढायचा, प्रिंट ती करायची, आणि हारतुरे त्याच्या गळ्यात पडायचे. आयत्या बिळावर नागोबा, असं ती म्हणायची, पण मनातल्या मनात. मनात म्हणण्यात तिचा हातखंडा होता.

त्याचं नाव झालं ते एका चित्रावर. ‘फेब्रुवारी, धक्का’. बर्फानं भरलेला बंदराचा धक्का, एक दिव्याचा खांब, आणि मध्यावर काळ्या कोटातली एक बाई. ती आपल्याकडे येतेय की पाठमोरी समुद्राकडे चाललीय, ते कळत नाही. डोक्याच्या जागी नुसता काळा ठिपका. एवढ्या भांडवलावर विद्वानांनी एकतीस वर्षं काढली. एकाला त्यात संदिग्धतेचं सौंदर्य दिसलं, दुसऱ्याला दैवाचा हात. होताका मुलाखतीत डोळे मिटून सांगायचा, “मी पाहिलंसुद्धा नाही. कॅमेरा छातीशी होता, बोट दाबलं गेलं. योगायोग.” कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे आपण बोलून सोडून देतो. त्याला त्याबद्दल पदकं मिळाली.

ठिपक्यात मात्र दैवाचा हात नव्हता. तो मित्सुएचा हात होता. अठरा सेकंद सगळ्या कागदावर उजेड द्यायचा. मग वाटाण्याएवढं भोक पाडलेला पुठ्ठा मध्ये धरायचा आणि त्या भोकातून एकट्या डोक्यावर आणखी नऊ सेकंद. जितका उजेड जास्त, तितकं कागदावर काळं. पहिल्या प्रिंटच्या वेळी होताका मागे उभा होता. “डोकं काळं कर,” तो म्हणाला होता. “चेहरा आहे की केस, हे कळलं तर चित्र मेलं.”

तिनं केलं. तेव्हापासून तोच पुठ्ठा आणि तेच भोक. त्या ऑगस्टमधल्या सोमवारी तिनं पुठ्ठा धरला, तर डोकं भोकात मावेना.

२

फोटो काढला त्या दिवशी धक्क्यावर मित्सुएही होती. कुरोसे हे तिचं माहेर. लग्नाला सहा महिने झाले होते आणि नवऱ्याला समुद्रावरचं बर्फ हवं होतं. तो धक्क्याच्या तोंडाशी उभा, आणि त्याच्या डाव्या हाताला, जाळ्यांच्या छपराखाली मासळीच्या खोक्यावर ती. दुसऱ्या कॅमेऱ्यात फिल्म अडकली होती. ती सोडवायला तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या कापडी पिशवीत घातले होते. अशा पिशवीतून काम संपेपर्यंत हात काढायचे नसतात. उजेड शिरला की फिल्म गेली. ती मान खाली घालून बोटांनी चाचपत राहिली. बोट नुकतीच लागून सुटली होती आणि वारा कानात भरला होता.

तिची थोरली बहीण सायो दोन वर्षांपूर्वी एका लग्न झालेल्या नावाड्याबरोबर पळाली होती. घरात तिचं नाव काढायची बंदी होती. त्या आठवड्यात गावात दोन बातम्या उठल्या. कुणी म्हणालं, सायो बोटीतून उतरली. कुणी म्हणालं, बोटीत चढली. एप्रिलमध्ये तिचा कोट एका जाळ्यात आला. बाकी काही आलं नाही.

“आली असेल लांबून घर बघायला,” आई म्हणाली, “आणि पाठ फिरवून निघाली असेल. जिनं पाठ फिरवली तिला आमच्या थडग्यात जागा नाही.” घराण्याच्या दगडावर आईनं शेवटपर्यंत तिचं नाव कोरू दिलं नाही. आई गेली, बाबा गेले, आता दगड मित्सुएच्या ताब्यात होता. पण आईचा शब्द मोडायचा तर काहीतरी हातात हवं. एवढंच तिला हवं होतं. नेसान, म्हणजे तिची ताई, घरी येत होती, एवढंच.

तसराळ्यात ते चित्र पहिल्यांदा उमटलं तेव्हाच तिनं कोट ओळखला होता. डावा खांदा किंचित उतरलेला. तिनं होताकाला विचारलं. “मी बघितलंच नाही, सांगितलं ना,” तो म्हणाला. “कुणीही असेल. फोटो आहे, जनगणना नाही.”

पुठ्ठा बाजूला ठेवून एक साधं प्रिंट करून बघायला तिला कुणाची चोरी होती? कुणाचीच नाही. पण दिसले असते नुसते केस, तर? कळत नव्हतं तोवर अर्धी तरी सायो घराकडे येत होती. तेव्हा कळून न घ्यायचा भेकडपणा एकट्या होताकाचा नव्हता, आणि हे मित्सुएला नीट ठाऊक होतं.

३

एन्लार्जरच्या दांड्यावर लाल नखरंगाची रेघ होती, उंचीची खूण म्हणून. यंत्राचं डोकं त्या रेघेवरच होतं. तिनं स्क्रू तपासला, लेन्स उतरवून पुसली, कागदाची चौकट मोजली. सगळं जागच्या जागी होतं. दिव्याचा खांबही खुणेला बरोब्बर लागत होता.

निगेटिव्हचा उजेड खाली पडतो तेव्हा जग उलटं असतं. बर्फ काळं, कोट पांढरा. त्या काळ्या बर्फावर पांढरी बाई उभी होती आणि तिचं डोकं भोकाच्या कडेबाहेर केसभर आलं होतं.

‘मोतीबिंदू काढलास ना गेल्या वर्षी,’ ती स्वतःला म्हणाली. ‘मग नवे डोळे आहेत तुझे. नव्या डोळ्यांना सगळं मोठंच दिसतं.’

हे तिला पटलं. पटवून घ्यायची सवयच होती. कात्रीचं टोक फिरवून तिनं भोक थोडं रुंद केलं आणि पहिलं प्रिंट केलं. तीन करायची होती. शहराच्या कलादालनात होताकाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि डोळ्यांतला उरलासुरला उजेड आहे तोवर शेवटच्या तीन प्रिंटांवर सही करायची, असं त्यानं ठरवलं होतं. काचबिंदूनं त्याला आता फक्त सावल्या दिसत.

प्रिंट वाळल्यावर त्यानं ते नाकाशी धरलं.

“काळं केलंस ना?”

“केलं.”

“नीट?”

“एकतीस वर्षं करतेय.”

त्याचं बोट कोपऱ्यावर तिनंच टेकवून दिलं, तेव्हा कुठे त्यानं मागच्या बाजूला पेन्सिलीनं सही केली.

४

मंगळवारी औषध गार होतं. बाहेर अंगाची लाही होत होती, झाडावर रातकिड्यांसारखे सिकाडे कोकलत होते, आणि तसराळ्यातला तापमापक चौदा अंश दाखवत होता. वीस हवेत. तिनं गरम पाण्याचं भांडं खाली ठेवलं. अर्ध्या तासानं पुन्हा चौदा.

तिनं निगेटिव्ह काढून उजेडाच्या टेबलावर ठेवलं आणि रेघांच्या भिंगातून मोजलं. बाई दोन मिलिमीटर आणि वर थोडी. तिच्या जुन्या वहीत दोन लिहिलं होतं. खांब वहीत सात होता आणि आताही सातच. दमट हवेनं फिल्म फुगते, हे खरं. पण फुगली तर सगळी फुगेल. एकटी बाई कशी फुगेल?

अकरा वाजता कलादालनातल्या तोकिवाबाई आल्या. तिशीच्या, हुशार, हातात घेवड्याच्या मिठाईचा डबा. होताकाला त्या सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायच्या आणि मित्सुएला ओकुसान. म्हणजे घरच्या बाई. तिचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“सेन्सेई, रागावणार नसाल तर एक विचारू? ती येतेय की जातेय?”

होताका खूश होऊन हसला. “तुम्हाला काय वाटतं?”

“रोज वेगळं वाटतं.”

“मग चित्र जिवंत आहे. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी भिंतीवरून उतरवा.”

“येतेय,” मित्सुए म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आपण हे मोठ्यानं बोललो हे तिला दोघांच्या वळलेल्या मानांवरून कळलं.

“ओकुसान, असं का वाटलं तुम्हाला?” तोकिवाबाईंनी वही उघडली.

“हिला चहातलं कळतं,” होताका म्हणाला. तो हसत नव्हता. “फोटोतलं नाही. वही मिटा.”

५

बुधवारी जुना पुठ्ठा टाकून तिनं नवा कापला. भोक आता अक्रोडाएवढं होतं.

मित्सुए सेकंद मोजायची ते पियानोवाल्यांच्या टिकटिक यंत्रावर, म्हणजे डोळे कागदावरून हलवायला लागत नाहीत. अठरा ठोके झाले. तिनं पुठ्ठा धरला. एक. दोन. तीन. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आणखी काहीतरी वाजलं. करकर, एकदाच. सहाव्यानंतर पुन्हा. लहानपण बर्फात काढलेल्या बाईला तो आवाज कशाचा हे विचारावं लागत नाही. ताज्या बर्फावर टाच पडली की होतो, तोच.

यंत्राचा दात झिजला असेल. तिनं यंत्र बंद केलं आणि उरलेले ठोके मनात मोजले.

करकर. करकर.

तिला भीती वाटली, आणि भीतीच्या वर राग आला. आपल्या बहिणीची भीती वाटावी याचा राग. हिच्याच कुशीत झोपत होतो आपण सोळा वर्षांचे होईपर्यंत. हिनं आपल्या वेण्या घातल्या. आणि आता हिच्या चेहऱ्याला पुठ्ठा आडवा धरून आपण तिला उजेडानं जाळतोय, भोक दिवसेंदिवस मोठं करत. कुणासाठी?

दुसरं प्रिंट तिनं होताकाला नेऊन दिलं.

“काळं केलंस ना?”

“केलं.”

“काल त्या बाईसमोर काय बोललीस ते विसरलो नाही मी. काळं केलंस ना, खरं सांग.”

मित्सुए त्याच्याकडे बघत राहिली. मुलाखतीतला माणूस न बघता बोट दाबत होता. ज्यानं पाहिलंच नाही, त्याला त्या काळ्याखाली काय आहे याची इतकी धास्ती कशाला? एवढी साधी गोष्ट, आणि ती लक्षात यायला तिला एकतीस वर्षं लागली. तिला स्वतःची लाज वाटली.

६

गुरुवारी तिनं पुठ्ठा हातात घेतलाच नाही.

खोली इतकी गार होती, की लाल दिव्यात तिचा श्वास दिसत होता. पांढरी बाई आता खांबाच्या बरीच अलीकडे आली होती. कागदावर मित्सुएच्या वितीएवढी भरली असती. पण तिनं वीत लावून पाहिली नाही. अठरा ठोके दिले आणि दिवा बंद केला. कागद औषधात सरकवला आणि तसराळं एका कोपऱ्यानं उचलत, ठेवत राहिली.

आधी खांब आला. मग कोट, उतरलेल्या खांद्यासकट. बराच वेळ वर काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद, आणि मित्सुएच्या मनात आलं, नसेल काही, तर नसूदे, बरंच होईल. मग त्या कोऱ्यात दोन भुवया आल्या.

ती येत होती.

वाऱ्यानं केस एका बाजूला गेले होते. तोंड उघडं होतं, हाक अर्ध्यावर असताना असतं तसं. उजवा हात वर. डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. ते जरा बाजूला पाहत होते, जाळ्यांच्या छपराकडे, जिथे खोक्यावर कुणीतरी मान खाली घालून बसलं होतं. सायो हसत होती.

मित्सुएनं कागद हायपोत टाकला आणि मगच ती खाली बसली. आधी हायपो, मग रडणं. धंद्याची सवय अशी वाईट.

७

होताका ओसरीत पंख्यासमोर बसला होता. ओलं प्रिंट तिनं त्याच्या मांडीवरच ठेवलं.

“हे काय? पाणी गळतंय.”

“तिसरं.”

त्यानं ते नाकाशी नेलं. काचबिंदूनं त्याला बायकोचा चेहरा दिसत नव्हता, ताटातला भात दिसत नव्हता. पण त्यानं ते चटकन खाली केलं आणि उन्हाकडे तोंड फिरवलं.

“काळं केलं नाहीस.”

“दिसलं तुम्हाला?”

“फाड ते.”

“तेव्हाही दिसली होती ना? कॅमेरा छातीशी नव्हता. डोळ्याला होता.”

पंखा एकदा इकडून तिकडे फिरला.

“बोटीतून उतरली,” तो म्हणाला. “तुला बघितलं तिनं. हात केला. मी एकदा दाबलं. वारा होता, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फिल्म पुढे सरकवायला मान खाली घातली. वर बघतो तर धक्का रिकामा. लाट आली असेल. मी काय, ढकलली का तिला?”

“मला हाक का नाही मारलीत? चार पावलांवर होते मी!”

“तुझे हात पिशवीत होते.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“हात बाहेर काढले असतेस तर फिल्म गेली असती,” होताका म्हणाला. चिडून, एखाद्या मठ्ठ शिकाऊ पोराला समजवावं तसा. “छत्तीस फोटो होते त्यात. म्हटलं, हिचं होऊदे, मग सांगू.”

“आणि नंतर?”

“नंतर हा फोटो चांगला आला.”

 बोलण्यासारखं काही या माणसाशी आता कधीच उरणार नव्हतं. एकतीस वर्षं तिनं त्याचा भात शिजवला होता, त्याच्या चित्रातली सगळी धूळ बारीक कुंचल्यानं टिपली होती, आणि स्वतःच्या हातानं बहिणीचं तोंड काळं केलं होतं, दर वेळी नऊ सेकंद.

“तोकिवाबाई चारला येणार,” तो म्हणाला. आवाज जरा मऊ झाला होता. “नवं कर, बाई. नीट काळं कर. मी आंधळा माणूस, हे एक चित्र सोडलं तर माझं काय उरतं?”

८

ती पुन्हा लोणच्यांच्या खोलीत आली ती निगेटिव्ह काढून घ्यायला. दार लावलं, लाल दिवा लावला, आणि सवयीनं बाकड्यावर बसून एन्लार्जरचंही बटण दाबलं.

धक्क्यावर कुणी नव्हतं.

खांब होता. काळं बर्फ होतं. मध्यावर, जिथे एकतीस वर्षं जगभरचे लोक बोट ठेवून वाद घालत होते, तिथे काही नव्हतं. मित्सुए खाली वाकली. तेव्हा तिला पांढरे डाग दिसले, एकाआड एक, उजवं आणि डावं. निगेटिव्हमध्ये पावलांची सावली पांढरी दिसते. ती पावलं बोट लागते त्या टोकापासून निघाली होती आणि जवळ येता येता मोठी होत होती. कॅमेऱ्याशी ती थांबली नव्हती. त्याला बाजूला ठेवून ती डावीकडे वळली होती, आणि शेवटचं पाऊल चित्राच्या कडेवर अर्धं होतं.

अर्धं पाऊल चित्रात. उरलेलं अर्धं कुठे, ते बघायला तिनं मान वळवली नाही.

डाव्या हाताला, तिच्या बाकड्याच्या टोकाशी, गारवा उभा राहिला होता. खाऱ्या पाण्याचा आणि ओल्या लोकरीचा वास मुळ्याच्या वासावरून हळूहळू वर आला. लाकडी जमिनीवर पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा. मित्सुएचे दात वाजत होते. तिनं हात मांडीवर उताणे ठेवले, मोकळे.

“मित्सुए!” भिंतीपलीकडून होताका ओरडला. “काळं केलंस का?”

 ती बाकड्यावर उजवीकडे सरकली, आणि डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा केली.

बाकडं करकरलं.

“काळं केलंस का?” होताका विचारत राहिला. “अगं, काळं केलंस का?”